अतितातडीची मोजणी, परक्या ग्रहावर

"सर, तुम्हाला पिक्चर पटतच नाहीये, तर इकडे येऊन दूध तरी ढवळा," असं म्हणून सेक्रेटरीबाईंनी माझ्या हातात डाव दिला. कोजागरी, गच्ची, पांढऱ्या चादरीचा पडदा आणि झाडून सगळी सोसायटी हजर. आठवडासुद्धा झालेला नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो, हे त्या बाईंना माहीत आहे. त्यांच्या मुलाला मीच शिकवलंय. असो. दुधाला करपट वास लागला नव्हता, एवढी नोंद इथे करून ठेवतो.

पिक्चर 'प्रोमिथियस'. रिडली स्कॉटचा, 2012 सालचा. चंद्राची रात्र आहे तर अंतराळातलं काहीतरी लावू, हे आमच्या युवा मंडळाचं डोकं. गोष्ट अशी की, माणसाला घडवणाऱ्यांचा शोध घ्यायला एका कंपनीने धाडलेलं जहाज 2093 साली परक्या तारामंडळात पोचतं. खर्च एक ट्रिलियन डॉलर. सोबत निवडक तज्ज्ञ. तिथल्या एका अवाढव्य वास्तूत शिरल्यावर आतली हवा श्वास घेण्याजोगी आहे असं कळतं, आणि त्यातला पुरातत्त्वाचा तज्ज्ञ सरळ हेल्मेट काढतो. मागोमाग बाकीचेही.

मी एवढंच म्हणालो, की हवेत ऑक्सिजन आहे म्हणजे जंतू नाहीत असं कुठे होतं? 1969 साली अपोलो 11 चे तिघं चंद्रावरून परतले, जिथे हवाच नाही तिथून, तरी त्यांना 21 दिवस वेगळं ठेवलं होतं. "एन्जॉय करा हो सर," मागून कुणीतरी म्हणालं. मी एन्जॉयच करत होतो. माझी एन्जॉय करायची पद्धत तशी आहे.

मग आला तो भूगर्भशास्त्रज्ञ. हा गडी लाल प्रकाश फेकणारे उडते गोळे सोडतो, ते बोगद्याबोगद्यांतून फिरतात आणि सगळ्या वास्तूचा नकाशा तयार होतो. पुढे एक मेलेला परग्रहवासी बघून तो आणि एक जीवशास्त्रज्ञ घाबरून जहाजाकडे परत निघतात. आणि हरवतात. ज्याने नकाशा केला तोच.

"अरे, हे कसं शक्य आहे!" मी जरा मोठ्यांदा म्हणालो असेन.

"थांबव रे," चौथ्या मजल्यावरच्या काकांचा आवाज आला. काका जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेत. कानटोपी, घरून आणलेली स्वतःची खुर्ची, मांडीवर शाल. युवा मंडळाने पिक्चर थांबवला. माझ्यासाठी कधी थांबवला नव्हता. "यात अशक्य काय आहे, सर?"

"काका, नकाशा त्यानेच केलाय."

"नकाशा कुठाय?"

"जहाजावर. पडद्यावर दिसतोय ना."

"आणि माणूस?"

"आत."

"झालं तर. नकाशा ऑफिसात, माणूस जागेवर. माझी सगळी नोकरी अशी झाली."

"पण त्याच्याकडे वायरलेस आहे! जहाजावरून विचारता येतं, डावीकडे वळू की उजवीकडे."

"वायरलेसच्या त्या टोकाला साहेब असतो, सर. साहेब नकाशा उलटा धरतो." लोक हसले. काका हसले नाहीत. ते पुढचा मुद्दा जुळवत होते. "बरं, मला सांगा, मोजणी साधी होती, तातडीची की अतितातडीची?"

"कसली मोजणी?"

"अहो, एक ट्रिलियन डॉलर भरलेत म्हणता. एवढी फी म्हणजे अतितातडीच. आमच्या वेळी अतितातडीत हद्दीच्या खुणा दाखवायच्या राहूनच जायच्या."

मी शिक्षकी चिकाटीने त्यांना समजावायला गेलो, की तज्ज्ञ चुकतच नाहीत असं माझं म्हणणंच नाही. 1999 साली नासाचं मंगळावर निघालेलं यान गेलंच की! एका गटाचे आकडे पौंडात, दुसऱ्याने ते न्यूटनात धरले, यान ठरल्यापेक्षा फार खाली, मंगळाच्या वातावरणात शिरलं आणि संपलं. ही चूक मला पटते, कारण ती कशी झाली ते दिसतं. इथे...

"म्हणजे गुंठा आणि आर!" काका खुर्चीतून अर्धे उठले. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट आणि आर म्हणजे 100 चौरस मीटर, दोन्हींत फरक जेमतेम एक-सव्वा चौरस मीटरचा, पण त्यावरून सख्खे भाऊ कसे कोर्टाच्या पायऱ्या चढतात, हे त्यांनी एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांसकट सांगितलं. तिथून गाडी त्यांच्या ऐन तारुण्यातल्या एका मोजणीवर गेली. डोंगराकडचं गाव, दिवसभर टेबल मांडून काम, शेवटची खूण रोवून निघाले ते अंधारात फिरून फिरून त्याच वडाखाली. सोबत कोतवाल, आणि तोही त्याच गावचा!

"मग रात्री काय केलंत?" सेक्रेटरीबाईंनी विचारलं.

"पोलीस पाटलाकडे पिठलं-भाकरी. वर मिरचीचा ठेचा. अहो, काय ठेचा होता!"

परग्रहावरच्या अंधारात दोन माणसं तोंड उघडं ठेवून थिजली होती आणि आमची गच्ची ठेच्याला मिरची हिरवी होती की लाल, हे विचारत होती. कोतवालही हरवला म्हटल्यावर माझा मुद्दा संपला, असं सर्वानुमते ठरलं. एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, हे वाक्य मी उच्चारलं, पण तेव्हा पिक्चर पुन्हा सुरू झाला होता.

पुढचा प्रसंग पाहिला असेल तर मी का उठून उभा राहिलो हे तुम्हाला कळेल. तोच जीवशास्त्रज्ञ, जो मगाशी मेलेल्या देहाला घाबरून पळाला होता, त्याच्यासमोर काळ्या द्रवातून एक नागासारखा जिवंत प्राणी फणा काढतो. आणि हा त्याला लाडीगोडी लावत हात पुढे करतो! प्राणी फुत्कारतो, तरी हा पुढेच. मेलेल्याला भ्यायचं आणि जिवंताला कुरवाळायचं? मी हे तावातावाने विचारलं, तेव्हा पडद्यावर माझी सावली पडली, आणि डाव हातात आला तो याच वेळी.

पुढचं सगळं मी पातेल्यापाशी उभं राहून, तिरकं पाहिलं. शेवटी ते प्रचंड गोल जहाज घरंगळत येतं आणि कंपनीची अधिकारी बाई त्याच्यासमोर सरळ रेषेत पळत राहते. बाजूला चार पावलं टाकली असती तर वाचली असती. दुसरी बाई कडेला लोळण घेते आणि वाचतेच. मी दुधातूनच ओरडलो, "बाजूला!"

"बाजूला कशी जाणार?" काका. "बाजूला दुसऱ्याच्या जमिनीचा गट लागला तर? अतिक्रमण होईल."

त्याआधी झोपेतून उठवलेला तो उंच पांढरा परग्रहवासी सगळ्यांना झोडपतो, त्याचंही कारण काकांकडे तयार होतं. मोजणीआधी लगतच्या खातेदाराला नोटीस बजावली नव्हती. गच्चीने टाळ्या वाजवल्या. रिडली स्कॉटला सुचलं नाही इतकं चोख कारण एका निवृत्त माणसाने दिलं, हे मलाही मान्य करावं लागतं, आणि त्याचाच जास्त राग येतो.

कारण ही तीच गच्ची आहे जी पावसाळ्यात गळते. वॉटरप्रूफिंगवाल्याने पाणी जाण्याचं तोंड फरशीपेक्षा उंच ठेवलं. पाणी चढून जाणार आहे का, असं मी सभेत विचारलं होतं. तेव्हा उत्तर मिळालं, "सर, ते तज्ज्ञ आहेत, आपण कशाला?" म्हणजे सभेत तज्ज्ञ चुकूच शकत नाहीत आणि पिक्चरमध्ये तज्ज्ञ चुकणारच. दोन्हीकडे गप्प बसायचं मात्र मी. माझ्या बेडरूमच्या छताला पोपडे आलेत. ते मी एन्जॉय करावेत अशी अपेक्षा आहे.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये काका एकटे सापडले. चार मजले हातात होते. मी वेळ न घालवता कार्ल श्मिट सांगितला. शिकागोच्या फील्ड म्युझियममधला सापांचा मोठा अभ्यासक. 1957 च्या सप्टेंबरात प्राणिसंग्रहालयातून ओळख पटवायला आलेलं, बूमस्लँग नावाच्या विषारी सापाचं पिल्लू त्याला अंगठ्याला चावलं. त्याने फार मनावर घेतलं नाही. साप लहान, दात एकच लागलेला, आणि मागे विषदंत असलेल्या सापांना तेव्हा फारसं कुणी भीत नसे. गाडी पकडून घरी गेला, काय काय होतंय ते लिहून ठेवत राहिला. सकाळी नाश्ता केला, आणि त्याच दुपारी गेला.

"बघा काका," मी म्हणालो, "हाही तज्ज्ञ, हीही चूक. पण प्रत्येक पायरीला त्याच्यापाशी कारण होतं. पिक्चरवाल्याने त्या जीवशास्त्रज्ञाला असं एक तरी कारण द्यायचं! नुसतं, 'मी असले प्राणी पूर्वी हाताळलेत' एवढं म्हणाला असता, तरी मी गप्प बसलो असतो."

चौथा मजला आला. काकांनी जाळीचं दार उघडलं आणि एक पाय बाहेर, एक आत ठेवून उभे राहिले. चेहरा खरोखर गंभीर झाला होता. आयुष्यात प्रथमच आपला मुद्दा कुणापर्यंत पोचतोय, असं मला वाटलं.

"वाईट झालं," ते म्हणाले. "ड्युटीवर चावला ना? मग बाईंना पेन्शन लागली का?"

"काका, मुद्दा तो नाहीये..."

"तोच आहे. चावला ऑफिसात, वारला घरी. कागदावर ड्युटी लावली की रजा?"

खाली कुणीतरी लिफ्टचं दार बडवत होतं. काकांनी पाय काढला नाही.