एवढंसं टूल

"एवढंसं तर टूल आहे रे, दुपारपर्यंत होऊन जाईल," असं साहेब म्हणाले तेव्हा सोमवार होता. मी मान डोलावली. नको तिथे मान डोलावणं हा माझा जुना आजार आहे.

काम खरोखरच एवढंसं होतं. काडेपेटीपेक्षा जरा मोठा बोर्ड, त्यावर एआरएमचा प्रोसेसर, 32 एमबी रॅम, 8 एमबी फ्लॅश आणि त्यात कोंबून बसवलेलं लिनक्स. एक सेन्सर दिवसभर तापमान मोजून फाइलीत आकडे लिहीत बसायचा. मी ती फाइल वाचून किमान, कमाल आणि सरासरी छापायची. सी मध्ये साठ ओळी झाल्या. लॅपटॉपवर चालवलं तर पहिल्याच फटक्यात बरोबर उत्तर. घड्याळात साडेदहा वाजले होते. मी उठून जरा पाय मोकळे करून आलो. त्या आठवड्यातली ती शेवटची निवांत चक्कर.

बोर्डाला ना पडदा, ना कीबोर्ड. त्याच्याशी बोलायचं तर सिरियल केबल लावायची. तिच्या टीएक्स आणि आरएक्स या तारा अदलाबदल करून जोडाव्या लागतात, म्हणजे एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाशी येतं. मी तोंडाशी तोंड आणलं. अर्धा तास दोघंही बोलत होते, ऐकत कुणीच नव्हतं. मग वेग 9600 ठेवला. बोर्ड 115200 ने बोलत होता, त्यामुळे पडद्यावर नुसता चौकोनांचा आणि प्रश्नचिन्हांचा सडा. पण हे दर वेळी होतं, त्यामुळे याला मी अडचणींत धरत नाही.

लॅपटॉपवर बसून बोर्डाच्या वेगळ्या प्रोसेसरसाठी प्रोग्राम बांधणाऱ्या क्रॉस-कंपायलरने प्रोग्राम बांधला, टीएफटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून, बोर्डावर चढवला, चालवायची परवानगी दिली आणि एन्टर मारला.

बोर्ड म्हणाला, "नॉट फाउंड."

एलएस मारलं, म्हणजे फाइलींची यादी मागवली. फाइल समोर होती. नाव बरोबर, आकार बरोबर, परवानग्या बरोबर. पुन्हा चालवली. नॉट फाउंड. दार वाजवावं आणि आतून घरमालकानेच "घरात कोणी नाही" असं खणखणीत आवाजात सांगावं, तसा प्रकार. मी पूर्ण पत्ता देऊन चालवली, नाव बदलून चालवली, पुसून पुन्हा चढवली. एकदा तर अगदी हळू टाइप करून बघितलं, जणू घाईमुळे तिला नीट ऐकू येत नव्हतं.

बोर्डावर फार चौकशी करायचीही सोय नसते. तिथे बिझीबॉक्स नावाचा गृहस्थ राहतो. 1995 मध्ये ब्रूस पेरेन्स यांनी डेबियन या लिनक्सच्या इन्स्टॉलेशनच्या फ्लॉपीत सगळं मावावं म्हणून तो लिहिला. एकच फाइल, पण सगळ्या कमांड तीच: तीच एलएस, तीच कॅट, तीच ग्रेप, तीच व्हीआय. ज्या नावाने हाक माराल ते सोंग घेऊन हजर. पक्का बहुरूपी! फक्त बहुरूप्याच्या अंगावरचा पोलिसाचा डगला बघून कुणी तक्रार नोंदवायला जात नाही, आणि मी मात्र लॅपटॉपवरच्या सवयीने ग्रेपला मोठ्या मोठ्या ऑप्शन्स देत होतो. असली मागणी केली की तो लगेच दहा ओळींची वापरपत्रिका तोंडावर फेकतो. मॅन पेज, म्हणजे कमांडचं माहितीपत्रक, उघडावं तर मॅनच नाही.

शेवटी शेजारच्या टेबलावरच्या मॅडमना विचारलं. त्यांची अर्धी नोकरी अशा बोर्डांवर गेली आहे. त्यांनी खुर्चीवरून उठायचीही तसदी घेतली नाही.

"लोडर बघितलास?"

"मॅडम, फाइलच नाही म्हणतोय तो."

"तुझी फाइल नाही असं कुठे म्हणतोय? नाही एवढंच म्हणतोय. काय नाही ते तू शोधायचं."

लॅपटॉपवर रीडएल्फ हे प्रोग्रामच्या पोटातलं दाखवणारं टूल लावून बघितलं आणि उजेड पडला. माझा प्रोग्राम ग्लिबसी या तयार कोडच्या लायब्ररीवर बांधलेला. चालू होण्याआधी त्याला तिचा लोडर, म्हणजे प्रोग्राम आणि लायब्ररी जुळवून देणारा, हाताशी लागतो आणि त्याचा पत्ता तो पोटात घेऊन फिरतो. बोर्डावर होती मसल नावाची सडसडीत लायब्ररी; तिचा लोडर वेगळा, पत्ता वेगळा. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सापडला नाही तो लोडर. त्याने "नाही" एवढंच कळवलं आणि टाइप केलेले हुकूम ऐकणाऱ्या शेलने त्यापुढे माझ्या फाइलीचं नाव चिकटवून दिलं. दोघंही खोटं बोलले नाहीत, आणि माझी दुपार गेली.

मग म्हटलं, सगळंच पोटात घालून स्टॅटिक बांधावं, म्हणजे लोडरचा प्रश्नच नको. ग्लिबसीसकट बांधलं तर तीन आकडे छापणारा प्रोग्राम अर्ध्या एमबीच्या वर गेला. फ्लॅशमध्ये जागा उरलेली तीनशे केबी. मग मसलचा कंपायलर मिळवला, त्याने बांधलं, स्ट्रिप करून डीबगची चरबी उतरवली. तीसेक केबी! बोर्डावर चढवलं, चालू तरी झालं. साहेबांना सांगितलं, "झालंच जवळजवळ." मंगळवार संध्याकाळ होती.

बुधवारी त्याला स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये बसवलं. काही अडलं तर कळावं म्हणून टेम्प फोल्डरमध्ये एक लॉग लिहायची सोय केली. बोर्ड चालू केला. दीड मिनिटाने तो स्वतःहून बंद होऊन पुन्हा चालू झाला. दीड मिनिटाने पुन्हा. लॉग बघायला जावं तर लॉग गायब, कारण या बोर्डावर टेम्प म्हणजे रॅमच. रीबूट झाला की पाटी कोरी. म्हणजे गुन्हा घडत होता, साक्षीदारही होता, आणि गुन्हा होताच साक्षीदाराची स्मृती जात होती.

ही भानगड मला गुरुवारी दुपारी कळली. कुठल्याशा कारणाने माझा प्रोग्राम थांबतच नव्हता आणि लॉग लिहीतच सुटला होता. टेम्पला साधारणपणे अर्धी रॅम वापरायची मुभा असते, म्हणजे इथे 16 एमबी. लॉगने ती भरली. मेमरी संपल्यावर कर्नलचा ओओएम किलर बाहेर पडतो आणि सगळ्यात जास्त मेमरी खाणाऱ्या प्रोसेसला मारतो. माझा प्रोग्राम तर चिमुरडा. खाल्लं होतं ते त्याच्या लॉगने, आणि लॉग म्हणजे प्रोसेस नव्हे. त्यामुळे मारला गेला बोर्डावरचा मुख्य, सज्जन, वर्षभर इमानेइतबारे चाललेला प्रोग्राम. वॉचडॉग म्हणजे वेळेवर थोपटलं नाही तर बोर्ड रीसेट करणारा पहारेकरी; त्याला ठरावीक वेळाने थोपटायचं काम या प्रोग्रामकडेच होतं. थोपटणारा गेला, वॉचडॉग पिसाळला, त्याने बोर्ड रीसेट केला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते इतकं शब्दशः मी प्रथमच पाहिलं. आणि चोर दर वेळी रीबूटनंतर नव्या दमाने कामाला.

पण थांबत का नव्हता? लॅपटॉपवर तर फाइल संपली की गुपचूप थांबायचा. साठ ओळी मी इतक्या वेळा वाचल्या की पाठ झाल्या. मग लॉग बंद केला, प्रोग्राम कन्सोलवर डोळ्यांसमोर चालवला आणि वाचलेलं प्रत्येक अक्षर आकड्यात छापलं. फाइल संपेपर्यंत सगळं ठीक. त्यानंतर 255, 255, 255, 255, पडदा भरून.

मी वाचलेलं अक्षर ठेवायला 'चार' (char, म्हणजे एक अक्षर मावणारा) प्रकारचा चल वापरला होता. फाइल संपली की उणे एक येतो. लॅपटॉपच्या प्रोसेसरवर कंपायलर चारला उणे आकडे ठेवू देतो, त्यामुळे उणे एक उणे एकच राहतो. एआरएमवर तोच चार उणे काही मानतच नाही. त्याच्याकडे उणे एक ठेवायला दिला की तो त्याचे 255 करून ठेवतो. 255 काही केल्या उणे एक होत नाही, फाइल संपल्याचं प्रोग्रामला कळत नाही. चार म्हणून ठेवला, आणि चारचौघांसारखा वागला नाही. तिथे 'इंट' (int, म्हणजे पूर्णांक) लिहायचं असतं हे मी स्वतः नव्या मुलांना शिकवलेलं आहे. जरा आवाज मोठा करून. वरून "हे तर पहिल्या आठवड्यातलं आहे" असंही म्हणालो होतो. कंपायलरच्या जादा वॉर्निंग्ज चालू ठेवल्या असत्या तर त्यानेच सांगितलं असतं, पण मी त्या बंद ठेवतो. फार बोलतात.

तीन अक्षरं बदलली. मॅडम म्हणाल्या, "सापडलं?" मी म्हटलं, "हो, किरकोळ होतं." त्यांनी पुढे काही विचारलं नाही, याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे.

शुक्रवारी सकाळी साहेबांसमोर बोर्ड चालू केला. स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये फाइलीचा पत्ता चुकला होता, तो एका उत्साही सहकाऱ्याने आदल्या संध्याकाळी त्याच्या विंडोजवरून दुरुस्त करून ठेवला होता. बोर्ड म्हणाला, "नॉट फाउंड."

पण आता मी तो मी राहिलो नव्हतो. काय नाही ते मी शोधायचं होतं. स्क्रिप्ट व्हीआयमध्ये उघडली. प्रत्येक ओळीच्या शेपटाला विंडोजचं कॅरेज रिटर्न, म्हणजे ओळ संपल्याची एक जादा खूण, लोंबत होतं. पहिल्या ओळीत शेलचा पत्ता, आणि त्यालाही तेच शेपूट. त्या शेपटासकटच्या नावाचा शेल जगात कुठे असणार? सेड या कमांडने शेपटं छाटली, पुन्हा चालवलं. किमान, कमाल, सरासरी.

साहेबांनी पडद्याजवळ चष्मा नेला. बोर्डाच्या घड्याळाला बॅटरी नाही, त्यामुळे चालू झाला की त्याचा दिवस 1 जानेवारी 1970 ला मध्यरात्री सुरू होतो. लॉगची पहिली ओळ शून्य वाजून शून्य मिनिटांची. शेवटची, सगळं यशस्वी झाल्याची, शून्य वाजून चार मिनिटांची.

"चार मिनिटं," साहेब म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं?"