७८ चा वेग नसेल तर तो टर्नटेबल आपल्या घरासाठी नव्हे

गेल्या महिन्याभरात तिघांनी इनबॉक्समध्ये एकच प्रश्न विचारला. घरी जुना अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) आहे, दोन छोटे स्पीकर आहेत, चाळीस हजारांच्या आत कुठला टर्नटेबल, म्हणजे तबकड्या वाजवायचं मशीन, घेऊ? तिघांनाही मी आधी विचारलं, माळ्यावरच्या ट्रंकेत काय आहे?

वेंगुर्ल्यापासून मालवणपर्यंत कितीतरी जुन्या घरांत ती पत्र्याची ट्रंक सापडते. आत आजोबांच्या जड, काळ्या, हातातून निसटली की फुटणाऱ्या तबकड्या. आमच्या ट्रंकेत बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथांची नाट्यपदं निघाली. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, वेग मिनिटाला ७८ फेरे.

परदेशी रिव्ह्यू वाचलेत तर बहुतेक जण रेगा प्लॅनर १ हा टर्नटेबल घ्या म्हणतील. मशीन खरंच सुरेख आहे. कुडाळच्या मित्राकडे मी ते दोन संध्याकाळी ऐकलंय. एलपीवर, म्हणजे ३३ च्या वेगाच्या लांब वाजणाऱ्या तबकडीवर, तानपुरा असा स्वच्छ उमटतो की बोलावंसं वाटत नाही. पण त्यात वेग दोनच, ३३ आणि ४५. तिकडे ते चालतं. एलपी १९४८ मध्ये आली आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत तिकडच्या बाजारातून ७८ च्या तबकड्या जवळजवळ संपल्या. आपल्याकडे मात्र कोलकात्याजवळच्या दमदमच्या ग्रामोफोन कंपनीच्या कारखान्यातून त्या १९६० च्या दशकातही निघत होत्या. म्हणून तिकडच्या सल्ल्यात ७८ चा विषयच नसतो, आणि आपल्याला तर तिथूनच सुरुवात करायला हवी.

मी ऑडिओ-टेक्निकाचा एलपी१२०एक्स घेतला. डायरेक्ट ड्राइव्ह (मोटर थेट थाळी फिरवते), तिन्ही वेग, सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारा फोनो प्रीअ‍ॅम्प आतच, त्यामुळे जुन्या अ‍ॅम्पच्या ऑक्स नावाच्या जोडणीत सरळ जोडता येतो. बाजूला वेग कमी-जास्त करायची पट्टी आहे. डीजेंसाठी असते म्हणून लोक ती सोडून देतात, पण माझ्या मते या मशीनचं खरं मोल तिच्यातच आहे. सुरुवातीच्या काळात ध्वनिमुद्रणाचा वेग काटेकोर ७८ नसायचा, कधी थोडा कमी, कधी जास्त. आमच्या वाडीतले भजनीबुवा एकदा दुपारी ऐकायला बसले आणि दुसऱ्याच ओळीला म्हणाले, "रे, हो सूर दोन पट्ट्यांच्या मधीच रवलो हा." त्यांनी स्वतःची पेटी आणवली, मी मशीनवरच्या पट्टीने वेग केसभर वाढवत गेलो. सूर पेटीवर बसला आणि इतकी वर्षं जड, घोगरा वाटणारा आवाज एकदम मोकळा झाला. बुवांनी ती बाजू चार वेळा लावायला लावली.

आता सुई. मशीनबरोबर येणारी सुई एलपीची असते, ७८ ला लावू नका. ७८ ची खाच कितीतरी रुंद, एलपीची सुई तिच्या तळाशी जाऊन घासते आणि ऐकू येते ती नुसती खरखर. मशीनच्याच कार्ट्रिजवर, म्हणजे सुई ज्यात बसते त्या छोट्या डबीवर, बसणारी व्हीएमएन९५एसपी नावाची सुई वेगळी मिळते, ७८ साठीच केलेली. तिला तबकडीवर टेकताना भार पाच ग्रॅम लागतो, एलपीच्या सुईला दोन. हा भार छोट्या डिजिटल काट्यावर मोजूनच लावा, अंदाजाने नको. अ‍ॅम्पला मोनोचं (दोन्ही स्पीकरना एकच आवाज देणारं) बटण असेल तर तेही दाबा, खरखर आणखी उतरते. मशीनवरचे पाच हजार वाचवून या सुईत घालायचे असतील तर जरूर घाला.

सूटकेससारखे दिसणारे स्वस्त प्लेअर मात्र घेऊ नका. माझ्या भाच्याने हौसेने ऑनलाइन एक मागवला. त्याच्या सिरॅमिक कार्ट्रिजची सुई नव्या एलपीवर दाबून बसायची आणि स्पीकर त्याच डब्यात असल्याने मोठ्या आवाजाला सुई उडायची. दुकानदाराने परत घेतला नाही. मुलगा किती हिरमुसला होता.

आणि बुरशी. जून ते ऑक्टोबर आपल्याकडे चामड्याच्या चपलेला येते तशी ती तबकड्यांनाही येते. एलपी डिस्टिल्ड वॉटरमध्ये किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून पुसता येते. ७८ ला अल्कोहोलचा थेंबही लावू नका. ती लाखेची असते, अल्कोहोलने लाख विरघळते आणि गाणं कायमचं जातं. आमच्या घरात एक बाजू अशीच गेली, पुसणारा मीच होतो. त्या जागी आता सुई नुसती सरकते.

टर्नटेबल माळ्यावर लाकडी फळ्यांच्या जमिनीवर ठेवू नका, चाललं की सुई थरथरते. मी चिऱ्याच्या भिंतीत फणसाच्या लाकडाची फळी ठोकून घेतली, स्पीकर तिच्यापासून लांब.

वेंगुर्ला, सावंतवाडी, कुडाळकडे कुणी घर मोडायला काढलं असेल आणि ट्रंकेत तबकड्या असतील, तर भंगारवाल्याला देण्याआधी मला इनबॉक्समध्ये कळवा. मी स्वतः येऊन नेईन, साफ करून देईन आणि तुमच्या घरच्यांना बसवून ऐकवीन.