स्वस्तातलं पिस्तूल आणि घरच्या ग्रुपवरची भांडणं

मागच्या महिन्यात एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या आणि त्या डोक्यात एकमेकींत गुंतून बसल्यात. पहिली म्हणजे फॅमिली ग्रुपवर बंदुकीच्या लायसनवरून जुंपली. काका म्हणे अमेरिकेसारखं करा, सरसकट द्या, गुंड आपोआप सरळ होतील. पुण्याची आत्या म्हणे अजिबात नको, आहेत त्या पण काढून घ्या, वरातीत हवेत बार काढणाऱ्यांच्या हातात अजून द्यायच्या का? दुसरी गोष्ट, पुण्याहून इकडे इंग्लंडात रेडिंगला नोकरीला आलेला एक पोरगा, बालेवाडीला एअर पिस्तूल मारायचा, मला म्हणाला दादा तुम्ही ते जुन्या टाइपचं रिव्हॉल्व्हर मारता ना क्लबात, मला पण करायचंय, स्वस्तातलं कुठलं घेऊ?

त्याला मी आधी विचारलं की इथे इंग्लंडात जुन्या टाइपचंच का मारतात ते माहितीये का. नव्हतं माहीत. १९९६ साली स्कॉटलंडमध्ये डनब्लेनच्या शाळेत एका माणसाने १६ लहान मुलं आणि त्यांच्या बाई मारल्या, लायसनच्या पिस्तुलांनी. त्यानंतर १९९७ मध्ये पाठोपाठ दोन कायदे आले, पहिल्याने मोठ्या कॅलिबरची, म्हणजे रुंद नळीची पिस्तुलं गेली आणि दुसऱ्याने बारीक पॉइंट टू टूची पण. हजारो लोकांनी आपली हत्यारं जमा केली, पैसे घेतले आणि विषय संपला. पण तोंडाकडून भरायची हत्यारं या बंदीतून वगळली होती, म्हणजे आपल्या भाषेत ठासणीची. त्यात रिव्हॉल्व्हर पण आलं, फिरत्या सिलिंडरच्या सहा घरांत काळी दारू भरायची, वर शिशाची गोळी दाबायची, मागे केप (ठिणगी पाडणारी छोटी टोपी) लावायची, मग मारायचं. लायसन लागतंच, पण मिळू शकतं. त्यामुळे इथे आज पिस्तुलाचा नाद असलेला माणूस फिरून फिरून दीडशे वर्षं मागे जातो, काही जण इतिहासाच्या प्रेमाने आणि बरेचसे दुसरा रस्ताच उरला नाही म्हणून. मी दुसऱ्यातला, नंतर पहिल्यातला झालो.

आता पिस्तुलाचं. पोरगा बिचारा वेबसाइटवर पितळी फ्रेमचं कोल्ट नेव्ही, म्हणजे जुन्या अमेरिकन रिव्हॉल्व्हरची नक्कल, बघून बसला होता, चकचकीत, देवघरातल्या समईसारखं, आणि सगळ्यात स्वस्त. ते घेऊ नको म्हणलं. पितळ मऊ, रोजची दारू खाऊन खाऊन फ्रेम हळूहळू ढिली होते, आणि त्यातलं पॉइंट फोर फोरचं मॉडेल तर इतिहासात असं कधी नव्हतंच, खरं १८५१ चं नेव्ही पॉइंट थ्री सिक्सचं. म्हणजे पैसे पण गेले आणि इतिहास पण. कोल्टच्या डिझाइनला सिलिंडरच्या वर पट्टीच नाही, नेम धरायची मागची साइट म्हणजे घोड्यावरची एक खाच, घोडा ओढला की दिसते. दिसायला देखणं, हातात तर अप्रतिम बसतं, पण नवशिक्याने २५ मीटरवर त्यातून सगळ्या गोळ्या जवळजवळ पाडायच्या म्हणजे जरा तपश्चर्याच. शिवाय फुटलेल्या केपचे तुकडे आत पडून मशीन अडकतं ते वेगळंच.

माझं मत सरळ आहे, स्टील फ्रेमचं रेमिंग्टन १८५८, पिएट्टा नाहीतर उबेर्टी, दोन्ही इटलीत बनतात, आणि सेकंडहँड. नाव १८५८ असलं तरी ते नळीवरच्या पेटंटचं साल, हे मॉडेल प्रत्यक्षात १८६३ पासूनचं, अमेरिकन यादवीतलं. वर सलग पट्टी असते त्यामुळे फ्रेम भक्कम आणि साइट एका जागी. खोड एकच, मधली पिन बारीक, काळ्या दारूची काजळी बसली की सिलिंडर जड फिरायला लागतो, दोनतीन वेळा भरून झालं की पुसून ग्रीस लावायचं. मी माझं २२० पौंडाला घेतलं, आधीचा मालक म्हातारा झाला होता आणि त्याला आता टार्गेट दिसत नव्हतं. बघताना घोडा ओढून सिलिंडर हलतंय का बघ, नळीत गंज आहे का बघ, मागचे केप लावायचे निप्पल झिजलेत का बघ (ते बदलता येतात, स्वस्त असतात). बाहेरचा रंग उडालेला असला तरी काही बिघडत नाही, उलट भाव पाडायला बरा.

क्लबात एकाकडे फाइनवेर्कबाउ कंपनीचं रॉजर्स अँड स्पेन्सर आहे, जर्मन, हजार पौंडांच्या वर. मजा बघा, मूळ रॉजर्स अँड स्पेन्सर अमेरिकन सरकारने पाच हजार मागवली आणि ती येईपर्यंत युद्धच संपलं, बिचारी वर्षानुवर्षं गोदामात पडून राहिली, आणि आज मॅच जिंकायला जग त्याचीच कॉपी घेतं. मी मारून पाहिलंय, लोण्यासारखा चाप. पण पहिल्या वर्षी नेम चुकायचं कारण पिस्तूल नसतं रे बाबा, आपण असतो. रुगर ओल्ड आर्मी पण स्वस्तात दिसेल, दणकट स्टेनलेस माल, पण ते १९७२ सालचं डिझाइन, कुठल्याच जुन्या हत्याराची नक्कल नाही, त्यामुळे ठासणीच्या हत्यारांच्या आंतरराष्ट्रीय मॅचला चालत नाही. क्लबात मारायला झकास.

त्या मॅचचा नियम मला फार आवडतो. तीस मिनिटांत तेरा गोळ्या, चांगल्या दहा धरायच्या. घाई नाहीच. दारू डब्यातून थेट ओतायची नाही, घरून एकेका बाराची मोजून छोट्या नळ्यांत आणायची. आणि दारू कमी वापरतो त्यामुळे गोळी आणि दारूमध्ये पोकळी राहू नये म्हणून वर भरतात काय माहितीये? रवा. खरंच रवा, आपला उपम्याचा! इंग्रज त्याला सेमोलिना म्हणतो आणि सुपरमार्केटातून छोटं पाकीट आणतो, मी इंडियन दुकानातून दोन किलोचं आणतो आणि अर्ध्या क्लबाला पुरवतो. ही माझी क्लबातली खरी प्रतिष्ठा.

स्वस्त हा शब्द मात्र पिस्तुलापाशी संपतो हे पण सांगितलं त्याला. आधी मान्यताप्राप्त क्लबात किमान तीन महिने प्रोबेशन, तोपर्यंत क्लबाचं नाहीतर दुसऱ्या मेंबरचं हत्यार. मग पोलिसांकडे अर्ज, दोन ओळखीचे जामीन, डॉक्टरचं पत्र, घरी येऊन तिजोरी बघतात, भिंतीला बोल्ट केलीये का ते हलवून बघतात. कुठल्या कॅलिबरचं काय घेणार ते आधी मंजूर करून घ्यायचं. काळ्या दारूचं सर्टिफिकेट वेगळं, ती ठेवायला कप्पेवाला लाकडी खोका वेगळा. आणि मारून घरी आलं की त्याच दिवशी गरम पाण्याने साबण लावून धुवायचं, सडक्या अंड्याचा वास घरभर. बायकोने किचनच्या सिंकला बंदी घातलीये, मी बाहेर बादलीत धुतो.

आणि अर्जात मुख्य प्रश्न एकच, कशाला पाहिजे? स्वसंरक्षण लिहिलं की विषय संपला, ते इथे कारणच धरत नाहीत. क्लबात मारतो, मेंबर आहे, नियमित जातो, हे कारण. हे मी ग्रुपवर लिहिलं तर काका म्हणाले म्हणजे काय, जीवाला धोका असेल त्याला नाही आणि खेळ करणाऱ्याला द्यायचं? हो काका, तसंच. ऐकायला उलटं वाटतं, मला पण पहिल्यांदा वाटलेलं. पण आपल्याकडे काय होतं बघा, कारण म्हणून भीती लिहायची, मग ज्याची ओळख मोठी त्याची भीती मोठी, आणि मिळालं की ते कमरेला दिसेल असं लावून लग्नाला जायचं. त्याने वर्षात एक तरी गोळी कागदावर मारलीये का, कोण विचारतो? काकांना अमेरिका दिसते, आत्याला वरात दिसते. दोघांनाही तिजोरी हलवून बघणारा कंटाळवाणा पोलीस दिसत नाही, आणि माझं म्हणणं तेवढंच आहे की तो हवा.

आता इंग्लंडचं कौतुक पुरे, कारण आमच्या घरची गोष्ट वेगळी आहे. आम्ही कुडाळ तालुक्यातले. आजोबांकडे ठासणीची एकनळी होती, लायसनची, माकडं आणि डुकरं हाकलायला. आपल्या १९५९ च्या आर्म्स ॲक्टमध्ये शेतीच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक हे चक्क शब्दांत लिहिलेलं आहे, म्हणजे कारण विचारणारा, वापर बघणारा कायदा आपल्याकडे पण आहे की! पण ज्याचा वापर खरा त्यालाच हेलपाटे. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा, आणि नेमकं तेव्हाच शेतात डुक्कर. आजोबा गेल्यावर नाव बदलायला चुलतभावाने इतक्या फेऱ्या मारल्या की शेवटी त्याने नाद सोडला आणि आता सुतळी बॉम्ब लावतो. परवा फोनवर त्याला माझं सगळं सांगितलं, तिजोरी, खोका, रवा. तो म्हणाला, "तुमचा बरा आसा रे, थंय माकडां नाय!"

यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी कागदावर भोकं पाडायला जे सहज मिळवलं ते त्याला नारळ वाचवायला मिळत नाही. आणि मुळात आपल्या लोकांच्या हातातलं हत्यार १८७८ च्या कायद्याने काढलं ते याच इंग्रजांनी, सत्तावनची धास्ती घेऊन. त्यांच्या अधिकाऱ्यांकडे सत्तावनमध्ये कोल्ट आणि ॲडम्सची अशीच केपाची रिव्हॉल्व्हरं होती. मग पुढे त्यांनी स्वतःच्या लोकांची पण काढली, आणि आता बिझलीच्या रेंजवर त्यांच्या शेजारी उभं राहून मी रवा वाटतोय.

अजून एक, ग्रुपवर मागे वाघनखांवरून पण असंच पेटलं होतं, २०२४ ला लंडनच्या म्युझियममधून साताऱ्याला आली तेव्हा. महाराजांचीच का? म्युझियम स्वतःच म्हणतं खात्रीने सांगता येत नाही. दोन दिवस सगळे एकमेकांशी बोलत नव्हते. इथल्या मॅचमध्ये ओरिजिनल आणि नक्कल असे दोन वेगळे गट असतात. नक्कल असली तर नक्कल लिहायची, त्यात कोणाची मान खाली जात नाही, आणि ती नक्कल हातात घेऊन काजळी काढताना त्या काळच्या शिपायाचं काय होत असेल ते जेवढं कळतं तेवढं मला तरी काचेआडून कधी कळलं नाही.

असो. पोरगा ऐकतोय असं वाटतंय, पितळी समई रद्द केलीये. प्रोबेशनचा फॉर्म भरलाय आणि या रविवारी पहिल्यांदा रेंजवर येतोय, माझंच रेमिंग्टन मारून बघणार. त्याने विचारलं काय काय आणू, मी म्हणलं जुने कपडे घालून ये, रवा आहे माझ्याकडे.