हवा मोजावी, पण बेतानं

केंद्र सरकारच्या प्रदूषित शहरांच्या यादीत कोल्हापूर आहे, सांगली आहे. खाली हुबळी-धारवाडही आहे. मधलं आपलं बेळगाव मात्र नाही. म्हणजे कोल्हापुरातून काळा धूर सोडत निघालेला ट्रक कोगनोळीचा नाका ओलांडला की शहाण्यासारखा वागू लागतो. निपाणी, संकेश्वर, बेळगाव, कित्तूर एवढा टापू सोवळ्यानं पार करतो आणि धारवाडची वेस दिसली की पुन्हा मोकळा होतो. हा मान काही थोडाथोडका नाही. तुम्ही बेळगावात राहत असाल आणि तो टिकावा असं वाटत असेल, तर पुढचं नीट वाचा.

आधी ही यादी कशी झाली ते समजून घ्या, म्हणजे चुकून त्यात पाय पडणार नाही. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. त्यासाठी २०११ ते २०१५ ही पाच वर्षं सलग ज्यांच्या हवेनं मर्यादा ओलांडली, ती शहरं आधी निवडली. पुढं नावं वाढत वाढत १३१ झाली. यात घेण्यासारखा धडा एकच: ज्यांनी मोजलं, ते सापडले. तेव्हा मोजणी अजिबात नको असं मी म्हणत नाही. मोजणी हवीच, नाहीतर लोक मागासलेले म्हणतात. ती बेतानं करावी, इतकंच.

मोजण्याची जुनी पद्धत या दृष्टीनं फार सोयीची होती. उतरत्या छपराची एक पत्र्याची पेटी, आत मोटर. ती घों घों करत हवा ओढते आणि ती हवा एका पांढऱ्या फिल्टर कागदातून जाते. आठ तास झाले की कागद बदलायचा, दिवसाचे तीन कागद. चिमट्यानं उचलायचा, पाकिटात घालायचा, वर तारीख-वेळ लिहायची. आधी कोरा असताना वजन केलेलं असतंच. मग प्रयोगशाळेत नेऊन, दमट असेल तर सुकवून, मिलिग्रॅमच्या दशांशापर्यंत पुन्हा वजन. दोन वजनांतला फरक म्हणजे शहरानं त्या आठ तासांत काय काय उडवलं त्याचा हिशेब. पहाटे लावलेला कागद दुपारी राखाडी होऊन निघतो. एखाद्या ठिकाणी इतका काळा, की वजनकाट्याची गरजच पडू नये.

पण घाबरू नका. नियमाप्रमाणे ही पेटी आठवड्यातून दोनदाच चालवायची, म्हणजे वर्षाला १०४ दिवस. उरलेले २६१ दिवस तुमचे. टिळकवाडी-हिंदवाडीत सकाळी झाडलोट करून पाल्याचा ढीग करतात, त्यात दुधाच्या पिशव्या, थर्माकोलच्या प्लेटी आणि जुनी चप्पल सरकवून कोपऱ्यावर काडी लावतात. ते काम या २६१ दिवसांत उरकून घ्या. घंटागाडीची वाट बघत बसणं हे निवृत्त माणसांचं काम.

हल्ली मात्र अखंड चालणारी यंत्रं आली आहेत. ती दर पंधरा मिनिटांनी आकडा देतात, रात्री दोनला पण देतात, आणि तो थेट दिल्लीला दिसतो. असं चोंबडं यंत्र गावात आलंच, तर सगळं कौशल्य जागा निवडण्यात आहे. नियम सांगतात की आसपास झाडी नको, चिमणी नको, वारं मोकळं हवं, हवा ओढायचं तोंड साधारण माणसाच्या वावराच्या उंचीजवळ हवं. नियम वाचा, मान डोलवा आणि व्हॅक्सिन डेपोच्या गर्द झाडीत जागा बघा. सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या तब्येतीसाठी म्हणून सांगा. कोण नाही म्हणणार? उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांच्या गल्लीत, तिसऱ्या रेल्वे फाटकावर किंवा कपिलेश्वर पुलाच्या तोंडाशी ते बसवू नका. तिथं फक्त माणसं राहतात.

जागा चुकलीच, तरी सरासरी आहे. आपल्याकडचा हवा गुणवत्ता निर्देशांक २०१५ पासून चालू आहे आणि धुळीच्या बाबतीत तो चोवीस तासांच्या सरासरीवर काढतात. दिवाळीत रात्री नऊ ते बारा खडे बाजारात समोरचा माणूस दिसेनासा झाला, तरी दुपारच्या बिचाऱ्या स्वच्छ तासांनी त्याचं पाप वाटून घेतलेलं असतं. शिवाय चोवीसपैकी किमान सोळा तासांची नोंद असल्याशिवाय निर्देशांक काढताच येत नाही. बेळगावात वीज कधी जाते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आणि शब्द तर बघा किती मायाळू. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, जे फुप्फुसात खोलवर जातात आणि रक्तातही उतरतात, ते घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत असले तरी आपल्याकडे हवा ‘समाधानकारक’. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये चोवीस तासांसाठी १५ हा आकडा सांगितला. म्हणजे त्यांच्या चौपट झाल्यावर आपलं समाधान होतं. त्याच्या पुढं ‘मध्यम’ लागतं. मध्यम म्हणजे काय, आपण सगळे मध्यमवर्गीयच की वो.

आता सीमाभागाचा खास मुद्दा. चौकात हवेचा आकडा दाखवणारा फलक लागला, तर तो कुठल्या भाषेत असावा हा प्रश्न ताबडतोब काढा. कन्नडमध्ये असला तर आपण निवेदन द्यावं, मराठीत असला तर समोरच्यांनी डांबर आणावं. दोन्ही प्रकारांत खालचा आकडा कुणीही वाचत नाही, याची मी खात्री देतो. वाऱ्याचाही निकाल लावून घ्या. पावसाळ्यात वारं पश्चिमेकडून, आंबोली-चोर्ल्याच्या घाटांवरून धुऊन-पुसून येतं, ते महाराष्ट्राचं. हिवाळ्यात पूर्वेकडून, कोरडी धूळ आणि धूर घेऊन येतं, ते कर्नाटकाचं. महाराष्ट्राच्या दाव्यात ८६५ गावं आहेत, दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्यातच हवेचा एक अर्ज जोडून द्यावा. सुनावणी होईपर्यंत ती हवा गोव्यात पोचलेली असेल.

अंदाज वर्तवणं हा त्याहून नाजूक विषय. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं २०१० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीसाठी ‘सफर’ ही यंत्रणा उभी केली, मग पुणे, मुंबई, अहमदाबादला नेली. तिथं उद्या-परवाची हवा आज कळते. पण त्यासाठी आधी कुठून किती धूर निघतो याची मोजदाद लागते: फाउंड्र्यांत लोखंड वितळवायच्या भट्ट्या, म्हणजे क्युपोला किती, वीटभट्ट्या किती, बेकऱ्यांत लाकूड किती जळतं, ऊसतोड झाल्यावर किती एकरांतला पाला पेटवतात. एवढं घरोघर विचारत फिरणारा माणूस आपल्या भागात आला, तर त्याला कुठल्या पक्षाचा हे विचारल्याशिवाय कुणी पाणी देणार नाही. तेव्हा सोपा मार्ग धरा. आज जी हवा, तीच उद्या, असं लिहून मोकळं व्हा. हसू नका. शास्त्रज्ञसुद्धा नवं मॉडेल आधी याच अंदाजाशी ताडून बघतात, आणि महागडी मॉडेलं कधी कधी इथंच मान टाकतात.

सावध राहायचं ते साखर कारखान्याच्या गावातल्या बायकांपासून. गळीत हंगाम सुरू झाला की त्यांची वेधशाळा गच्चीवर उघडते. बगॅसची, म्हणजे जाळलेल्या उसाच्या चिपाडाची काजळी कुठल्या वाऱ्याला कुणाच्या दोरीवर पडते हे त्यांना पाठ असतं. “आज वारं कारखान्याकडनं हाय गे, धुणं आतच घाल,” असं पलीकडच्या गच्चीवर ओरडून सांगतात, आणि ते चुकत नाही. थंडीत पहाटे धूर वर का जात नाही, तेही त्यांना माहीत: जमिनीलगत गार हवा, वर उबदार थर झाकण घालून बसलेला, ऊन चढल्याशिवाय हलत नाही. “नऊशिवाय गच्चीचं दार उघडू नको,” एवढंच त्या म्हणतात. नवऱ्याचा पांढरा शर्ट हा त्यांचा फिल्टर कागद. रोज बदलतो, फक्त वजन होत नाही. या बायकांना कुठल्याही समितीवर घेऊ नका. आकडे मागतील.

अंदाज जाहीर करण्यात तसंही नुकसानच आहे. हवा बिघडणार म्हणून सांगितलं, लोकांनी कचरा जाळला नाही, हवा बरी राहिली, की लोक म्हणणार तुमचा अंदाज चुकला. हवा छान राहील म्हणालात आणि बिघडली, तर डॉक्टर म्हणणार वातावरण बदललंय. दुसरा पर्याय बरा.

काहीतरी केल्यासारखं दिसायचं असेल तर रस्त्यावर पाणी मारा. दिल्लीत मोजणी केंद्राच्या आसपासच पाणी मारल्याचे आरोप झाले. मला ती कल्पकता वाटते. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटच्या २०२४ च्या पाहणीत स्वच्छ हवा कार्यक्रमाचे ६४ टक्के पैसे धुळीवरच गेल्याचं निघालं. उद्योगांवर एक टक्काही नाही. धूळ बरी असते. तिला मालक नसतो, तिची संघटना नसते, ती निवडणुकीला वर्गणी देत नाही. आणि आपल्याकडे ती मुबलक आहे. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावचं नाव आलं तेव्हापासून आपण रस्ते खोदलेत, बुजवलेत, पुन्हा खोदलेत.

एक अंदाज मात्र मी कुठल्याही मॉडेलशिवाय छातीठोक देतो. डिसेंबरात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन बेळगावजवळच्या हलग्याच्या सुवर्णसौधमध्ये भरतं. त्याआधी हायवेच्या कडा झाडल्या जातात, खड्डे बुजतात, दुभाजकाला रंग लागतो, टँकर फिरतो. मोजायचंच असेल तर त्या दोन आठवड्यांत मोजा, आणि यंत्र हलग्याच्या बाजूला लावा. फक्त मोर्चे कुठल्या रस्त्यानं येणार, तेवढं पोलिसांना आधी विचारून घ्या. तिथं टायर जाळतात.