तिकीट काढून मातीचं घर

परवा सकाळी आमराईतल्या बाकावर बापूंनी चारचौघांत माझी जी बिनपाण्याने केली, ती अजून डोक्यातून जात नाही. गुन्हा एवढाच, की अमेरिकेत लेकीकडे राहून आल्यावर मी मोबाइलवर फोटो दाखवले. डिस्नेलँडचे दाखवले असते तर कुणी चकार शब्द काढला नसता. मी दाखवलं ते कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातलं, एका माणसाने स्वतःच्या हातांनी बांधलेलं घर. आता त्याचं संग्रहालय झालंय.

"कशाचं घर म्हणालासा?" बापूंनी चष्मा कपाळावर चढवला.

"अ‍ॅडोबीचं. म्हणजे माती कालवून उन्हात वाळवलेल्या विटा..."

"म्हंजे कच्ची ईट."

"हो, पण तिथे..."

"तिकीट किती?"

मी विषय टाळून बघितला. पण बापू निवृत्त तलाठी. आकडा काढून घेतल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. घेतलाच काढून, आणि डॉलरचे रुपये करून मोठ्यांदा जाहीर केला. पलीकडे हास्यक्लब चालू होता. त्या मंडळींनी खोटं हसणं थांबवलं आणि खरं सुरू केलं.

मी इभ्रत वाचवायला माहिती पुढे केली. कॅबट यर्क्सा हा गृहस्थ 1913 मध्ये डेझर्ट हॉट स्प्रिंग्जच्या माळावर आला. तेव्हा तिथे थेंबभर पाणी नव्हतं, मैलोन् मैल चालत जाऊन आणायला लागायचं. सोबतीला गाढव, त्याचं नाव मेरी ख्रिसमस. मग त्याने विहीर खणली तर गरम पाणी लागलं, थोड्या अंतरावर दुसरी खणली तर गार.

"लागलं न्हवं? मग कसलं वाळवंट?" बापू म्हणाले. "आमच्यात बोर मारली की धुरळा निगतो."

बापूंचं गाव जतकडचं, त्यामुळे इथे मला गप्प बसावं लागलं. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वे भरभरून लातूरला पाणी गेलं, पेपरात फोटो आले, आम्ही सगळ्यांनी छाती फुगवली. जत मिरजेच्याच सांगली जिल्ह्यात आहे आणि तिथे तेव्हाही टँकरची वाट बघत होते. तर ते असो.

"पन्नाशी उलटल्यावर त्याने घर बांधायला काढलं," मी नेट धरला. "1941 मध्ये. पस्तीस खोल्या, दीडशे खिडक्या, पासष्ट दारं."

"पासष्ट? कड्या लावायला गडी ठेवला हुता काय?"

"आणि दारं-खिडक्या एकसारख्या नाहीत. सगळं एकसारखं असलं की त्यात भूतपिशाच्च मुक्काम करतं, अशी त्याची समजूत. म्हणून मुद्दाम वाकडंतिकडं."

बापू ताडकन उठले. मला वाटलं, जिंकलो.

"मास्तर, आमच्या सोप्याचं दार गवंड्यानं असंच तिरकं बसवलं हुतं. मी त्याची निम्मी मजुरी कापली! त्यो म्हणत हुता, बापू, वापरून सरळ हुईल. आन् तुमी तसलंच दार बघाय इमानानं गेलासा? आरं, ह्यांला कुणीतरी सांगा! आमच्यात फुकाट दावलं असतं, वर भाकरी-ठेचा दिला असता!"

सगळा कट्टा हसला. जोशी तर असे हसले की त्यांचं योगासन मोडलं. जोशी कधी आटपाडीच्या पलीकडे गेलेले नाहीत, पण हसायला पुढे.

हसणं ओसरल्यावर मी विचारलं, "बापू, ते दार आहे का अजून?"

बापूंनी काठी उगाच जमिनीवर फिरवली. माळवदाचं घर, पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती, भर मे महिन्यात आत गारवा. भावाभावांत वाटणी झाली, घरकुल मंजूर झालं, एका दिवसात जेसीबीने सगळं सपाट. आता स्लॅब आहे. दुपारी आत कुणी थांबत नाही, बापूंचे धाकटे बंधू लिंबाखाली खाट टाकतात. खांब, तुळया आणि ते तिरकं दार एक भंगारवाला घेऊन गेला. म्हणाला, पुण्याला हॉटेलवाले असल्या मालाला तोंडाला येईल ती किंमत देतात.

कॅबटने कालव्यावरच्या मजुरांच्या टाकून दिलेल्या खोल्या विकत घेऊन त्यांच्या लाकडांवर घर उभं केलं. तो 1965 मध्ये गेल्यावर घर ओस पडलं, नासधूस झाली, तेव्हा एका मित्राने ते विकत घेऊन वाचवलं. आमच्याकडे मित्र भरपूर. सगळे त्या बाकावर बसले होते, मीही होतो. बापूंचं घर पडतंय हे आम्हाला ठाऊक होतं; आम्ही स्लॅबच्या वास्तुशांतीला जाऊन जिलेबी खाऊन आलो.

हे मी बोलून दाखवलं असतं, पण बापू तोवर सावरले होते. टपरीकडे बघून त्यांनी हाळी दिली, "सात कटिंग सांग रे! पैसे मास्तर देणार. कच्च्या इटंला डॉलर मोजल्यात, च्याला काय रडत्यात?"

आम्ही सहाच जण होतो. सातवा चहा हास्यक्लबच्या अध्यक्षांना गेला.