‘फुकट इंटरनेट हवंय तर ट्रॅकिंग सहन करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस एक लांबलचक मेसेज फिरतोय, मला तो चार वेगवेगळ्या ग्रुपवर आला आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्याखाली ‘अगदी बरोबर’, ‘एकदम पटलं’ म्हणणाऱ्यांची रांग. तुमच्यापर्यंत आला नसेल तर थोडक्यात सांगते. म्हणणं असं की इंटरनेट फुकट आहे ते फक्त जाहिरातींमुळे, म्हणून अॅड ब्लॉकर, म्हणजे जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर, लावणं ही चोरी. कंपन्या डेटा घेतात तो निनावी असतो. आपल्या आवडीच्या जाहिराती दिसणं आपल्याच सोयीचं. शिवाय ‘अॅक्सेप्ट’वर, म्हणजे साइटच्या परवानगीच्या बटणावर, बोट तुम्हीच ठेवलंय. आणि एआय तुमचं लिखाण वाचून शिकतं तर माणूससुद्धा वाचूनच शिकतो की. शेवटची ओळ अशी: हा सरळ सौदा आहे, पटत नसेल तर इंटरनेट सोडा.

मी बारा-तेरा वर्षं वेबसाइट बनवते. ट्रॅकिंगचे, म्हणजे लोकांचा माग काढणारे, हे जे कोड असतात ते मी स्वतःच्या हाताने पेजमध्ये टाकलेत, म्हणूनच हा मेसेज वाचून गप्प बसवेना. सौदा म्हणायचा तर दोन्ही बाजूंना भाव माहीत पाहिजे आणि नाही म्हणायची मोकळीक पाहिजे. यातलं एकही इथे नाहीये.

आधी पहिला मुद्दा, कारण बाकीचे सगळे त्याच्याच जोरावर उभे आहेत. जाहिरातींमुळे इंटरनेट फुकट आहे, हे. वेब मुळात फुकट झालं ते ३० एप्रिल १९९३ ला, सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेने ते तंत्रज्ञान कोणालाही पैसे न घेता वापरायला खुलं केलं तेव्हा. पहिली गाजलेली बॅनर जाहिरात त्यानंतर दीड वर्षाने, ऑक्टोबर १९९४ मध्ये हॉटवायर्ड या ऑनलाइन मासिकावर आली, आणि तीसुद्धा मासिकातलं पान विकत घ्यावं तशी जागा विकत घेऊन लावलेली. विकिपीडिया २००१ पासून एकही जाहिरात न लावता चालू आहे, आणि गेली कित्येक वर्षं देणग्यांवर. म्हणजे फुकट गोष्टी जाहिरातीशिवाय टिकतच नाहीत असं काही नाहीये.

पण हे बाजूला ठेवा, कारण जाहिरातींवर खूप लोकांचं पोट आहे हे मला मान्य आहे आणि जाहिरातीला माझा विरोध नाहीच. मेसेजवाल्याने दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्यात, माझा आक्षेप त्याला आहे. जाहिरात वेगळी आणि पाळत वेगळी. सायकलींबद्दलच्या लेखाशेजारी सायकलच्या टायरची जाहिरात लावायला मी काल रात्री काय वाचलं, कुठे होते, कोणता आजार सर्च केला हे माहीत असायची काहीच गरज नाही. नेदरलँड्सच्या एनपीओ या सार्वजनिक प्रसारण संस्थेने २०२० च्या सुरुवातीला ट्रॅकिंगवाल्या जाहिराती पूर्ण बंद करून फक्त मजकुराशी जुळणाऱ्या ठेवल्या, आणि जानेवारीत त्यांचं डिजिटल जाहिरातींचं उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा साठ टक्क्यांहून जास्त वाढलं. न्यूयॉर्क टाइम्सनेही २०१८ मध्ये युरोपचा डेटा संरक्षणाचा कायदा आल्यावर तिथे तशा जाहिराती थांबवल्या, त्यांचंही उत्पन्न पडलं नाही.

हे कसं काय? तर मधले दलाल कमी झाले. ब्रिटनमधल्या जाहिरातदारांच्या संघटनेने पीडब्ल्यूसी या हिशोब तपासणाऱ्या कंपनीकडून एक अभ्यास करून घेतला होता, २०२० चा, त्यात जाहिरातदाराच्या १०० पैकी साधारण ५१ साइटवाल्यापर्यंत पोचत होते, बाकीचे मधल्यामधे, आणि त्यातले १५ नेमके कुठे गेले हे हिशोब तपासणाऱ्यांनाही सापडलं नाही. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने गूगलने जाहिरातींच्या याच मधल्या बाजारात बेकायदा मक्तेदारी केली असा निकाल दिला. तेव्हा ‘लिहिणाऱ्याच्या पोटावर पाय देऊ नका’ असं ज्याला सांगायचंय त्याने ते आधी या मधल्यांना सांगावं.

आता ‘ब्लॉकर म्हणजे चोरी’. मागच्या वर्षी माझ्या आईला एका अॅपच्या कस्टमर केअरचा नंबर हवा होता. तिने सर्च केलं आणि सगळ्यात वर जे आलं त्यावर फोन लावला. ती जाहिरात होती. ‘स्पॉन्सर्ड’ हा शब्द इतक्या फिकट आणि बारीक अक्षरात होता की मलासुद्धा फोन डोळ्यांजवळ धरून बघावा लागला. पलीकडचा माणूस अतिशय गोड बोलत होता, मावशी मावशी करत, आणि त्याने तिला, तिची स्क्रीन त्याला दिसेल असं एक अॅप टाकायला लावलं होतं. मी त्या वेळी खोलीत गेले म्हणून वाचलो, डाउनलोड ऐंशी टक्क्यांवर होतं आणि आई चष्मा पुसत ‘हे पूर्ण झालं की ओके दाबायचंय ना’ असं मला विचारत होती. त्या संध्याकाळी तिच्या फोनमध्ये मी ब्लॉकर टाकला आणि मला त्यात काडीचाही अपराध वाटत नाही. अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेनेच डिसेंबर २०२२ मध्ये लोकांना सांगितलं होतं की सर्चच्या निकालात नावाजलेल्या कंपन्यांच्या सोंगाने खोट्या जाहिराती येतात, तेव्हा अॅड ब्लॉकर वापरा. नोव्हेंबर २०२५ मध्ये रॉयटर्सने फेसबुकवाल्या मेटा कंपनीची आतली कागदपत्रं बघून बातमी दिली की २०२४ च्या उत्पन्नातला सुमारे १० टक्के वाटा फसव्या आणि बंदी असलेल्या मालाच्या जाहिरातींमधून येईल असा खुद्द कंपनीचा अंदाज होता. तो अंदाज ढोबळ आणि फुगलेला होता असं मेटाचं म्हणणं आहे. पण निम्मा धरला तरी किती घरं होतात त्याचा विचार करा.

पुढचा मुद्दा, ‘डेटा निनावी असतो, माणूस बघतच नाही’. हे मी पूर्वी खरं मानायचे. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने संशोधनासाठी म्हणून साडेसहा लाख लोकांचे तीन महिन्यांचे सर्च खुले केले होते, नावं काढून त्या जागी फक्त नंबर. न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्ताहरांनी त्यातला एक नंबर घेतला, त्या नंबराने काय काय शोधलंय ते ओळीने वाचत गेले, आणि काही दिवसांत एका बाईंच्या घरी पोचले. निनावी डेटा म्हणजे हे. नाव पुसलं तरी माणूस त्याच्या प्रश्नांमध्ये शिल्लक राहतो. आपण सर्चला जे विचारतो ते कित्येकदा घरातल्या कोणालाच विचारलेलं नसतं.

आणि आज तर सर्चपुरतं राहिलेलं नाहीये. तुम्ही पेज उघडता तेव्हा ते दिसायच्या आत, सेकंदाच्या दहाव्या हिश्शात, त्या रिकाम्या जागेचा लिलाव होतो. तुमचा फोन कोणता, साधारण कुठे आहात, काय वाचताय, आधीची ओळख काय, ही माहिती बोली लावणाऱ्या डझनावारी कंपन्यांकडे जाते. जिंकते एक. पण माहिती हरलेल्यांच्या हातातही पडलेलीच असते, ती कोणी परत मागत नाही. ज्यांना खोटं वाटत असेल त्यांनी कॉम्प्युटरवर ब्राउझरमधली डेव्हलपर टूल्स उघडावीत, नेटवर्कचा टॅब लावावा आणि कुठलीही मोठी बातम्यांची साइट रिफ्रेश करावी. बातमीचा मजकूर पहिल्या दोन-चार ओळींत येऊन जातो, त्याच्याखाली जी यादी सुरू होते ती संपेपर्यंत स्क्रोल करून बघा, नावं वाचा, त्यातली किती ओळखीची आहेत ते मोजा.

कुकी म्हणजे साइट आपल्या ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटी नोंद, तिचा उगम बघितला की मला जास्तच वाईट वाटतं. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या लू माँटुलीने ती काढली ती साइटला तुमची खरेदीची टोपली वगैरे लक्षात राहावी म्हणून, आणि सगळ्या साइटना एकच कायमचा नंबर द्यायचा नाही हे मुद्दाम ठरवून, म्हणजे एका साइटवरून दुसरीकडे माणसाचा माग काढता येऊ नये. जाहिरातवाल्यांनी त्यातूनच वाट काढली, अनेक साइटवर आपलीच कुकी ठेवून.

‘आवडीच्या जाहिराती सोयीच्या असतात’ याला फार वेळ देत नाही. एप्रिल २०२१ मध्ये अॅपलने आयफोनवर एक साधा प्रश्न आणला, या अॅपला तुमचा माग काढू द्यायचा का. इतक्या लोकांनी नाही म्हटलं की २०२२ मध्ये आपल्याला त्यापायी सुमारे १० अब्ज डॉलरचा फटका बसेल असं मेटानेच सांगितलं. लोकांना सोय वाटत असती तर लोक हो म्हणाले असते.

इथूनच ‘अॅक्सेप्ट तुम्हीच दाबलंत’ याकडे येते, कारण तो अॅपलचा प्रश्न सरळ होता आणि आपल्याला रोज दिसणारे प्रश्न सरळ नसतात. एका कामात मी कुकीची परवानगी विचारणारा असा बॅनर स्वतः बनवलाय. मी आधी दोन सारखी बटणं ठेवली होती, ‘मान्य’ आणि ‘नको’, शेजारी शेजारी, एकाच आकाराची. मीटिंगमध्ये सांगण्यात आलं की ‘मान्य’ ठळक हिरवं करा, ‘नको’ काढा, त्या जागी करड्या अक्षरात ‘पर्याय पाहा’ टाका, आणि पुढच्या स्क्रीनवर चौदा बटणं, एकेक करून बंद करायची. कारण विचारलं तर सरळ उत्तर मिळालं, नकार देणाऱ्यांचं प्रमाण कमी व्हायला हवं. मी ते करून दिलं, आणि आजही कुठे तसा बॅनर दिसला की ती मीटिंग आठवते. फ्रान्सच्या सीएनआयएल या डेटा संरक्षण संस्थेने जानेवारी २०२२ मध्ये नेमक्या याच गोष्टीसाठी, कुकी स्वीकारायला एक क्लिक आणि नाकारायला कित्येक म्हणून, गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोचा दंड केला. आणि ‘हे बॅनर युरोपच्या कायद्यामुळे आले, कायदाच मूर्ख’ असं जे म्हणतात त्यांच्यासाठी, साइट चालायला लागणाऱ्या कुकीला परवानगी विचारावीच लागत नाही. माग काढायचा नसेल तर बॅनर लागत नाही. बॅनर दिसला याचा अर्थ तिथे कोणाला तरी तुमच्याकडून काहीतरी जास्तीचं हवंय.

राहिलं एआय. ‘माणूसही वाचूनच शिकतो’ हे ऐकायला बरं वाटतं. माणूस तुमचा लेख वाचतो तेव्हा तो तुमच्या साइटवर आलेला असतो. सर्च इंजिनंसुद्धा आपल्या पानांची कॉपी घ्यायची पण बदल्यात वाचक पाठवायची, १९९४ पासून रोबॉट्स डॉट टीएक्सटी नावाची एक साधी फाइल ठेवून ‘इथे येऊ नका’ सांगता यायचं आणि बहुतेक जण ते पाळायचे, सगळं भलेपणावर चालायचं. आता सर्चमध्ये एआयचं उत्तर वरच तयार मिळतं, खालच्या लिंकवर जायचं कारणच उरत नाही, आणि सर्व्हरचा खर्च मात्र लिहिणाऱ्याचाच. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं की जानेवारी २०२४ पासून फोटो-व्हिडिओ डाउनलोडची बँडविड्थ ५० टक्क्यांनी वाढली, ती वाचणाऱ्या माणसांमुळे नाही तर मुख्यतः एआयसाठी माल गोळा करणाऱ्या बॉट्समुळे, म्हणजे आपोआप पानं उतरवणाऱ्या प्रोग्राममुळे, आणि सगळ्यात महागड्या ट्रॅफिकपैकी ६५ टक्के बॉट्सचं होतं. देणग्यांवर चालणाऱ्या साइटला हे बिल. ‘जाहिराती बघितल्या नाहीत तर चोरी’ म्हणणारा मेसेज याला मात्र शिकणं म्हणतो!

न्यायालयांनी सरसकट चोरी म्हटलेलं नाहीये, तेही सांगायला हवं. जून २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एका न्यायाधीशाने अँथ्रोपिक या एआय कंपनीच्या खटल्यात पुस्तकांवर एआय मॉडेल शिकवणं कायद्यात बसतं असं म्हटलं, पण पायरेटेड प्रती उतरवून साठवणं बसत नाही असंही म्हटलं, आणि नंतर कंपनीने लेखकांशी १.५ अब्ज डॉलरवर तडजोड केली. म्हणजे कायदेशीर प्रश्न उघडा आहे. मग मेसेजमध्ये तो सुटल्यासारखा का लिहिलाय?

आणि शेवटी हे दोन्ही धागे एकत्र येतायत. मेटाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं की त्यांच्या एआयशी लोक जे बोलतात त्याचा वापर जाहिराती ठरवायला होईल, १६ डिसेंबरपासून. सर्चमध्ये आपण दोन-चार शब्द टाकायचो. चॅटबॉटला लोक पानभर सांगतात, झोप लागत नाही, नवऱ्याशी बोलणं बंद आहे, मुलाच्या रिपोर्टमध्ये हे आलंय याचा अर्थ काय. माझी आईसुद्धा आता त्याला औषधांबद्दल विचारते, नेहमी आधी ‘नमस्कार’ लिहून. परवा मी तिच्या शेजारी बसून सेटिंग्जमध्ये हा जाहिरातीसाठीचा वापर कुठून बंद होतो ते शोधत होते, अर्धा तास गेला, मला सापडलं नाही.