अर्धवट मोजे आणि आपली लोकर : एका प्रतिक्रियेला उत्तर

काकू, नमस्कार.

वय तुम्हीच लिहिलंत, म्हणून काकू म्हणते. मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. दोन ओळींत उत्तर देण्यासारखी ती नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काकू पंचेचाळीस वर्षं विणतायत. एक काम सुईवर असताना दुसऱ्याचे टाके घालू नयेत असा त्यांचा दंडक आहे, आणि चार अर्धवट कामांचे फोटो हौसेने दाखवून मी नवशिक्या मुलींना वाईट वळण लावते आहे, असं त्यांना वाटतं. मोज्यांच्या लोकरीत नायलॉन कशाला, हा त्यांचा दुसरा आक्षेप. तिसरा असा, की आपल्या मेंढ्यांची लोकर सोडून मी मेरिनोच्या, म्हणजे त्या जातीच्या परदेशी मेंढ्यांच्या मऊ लोकरीच्या, मागे का लागले आहे.

तिसऱ्यापासून सुरू करते, कारण तिथे चूक माझी आहे. ‘आपल्याकडे विणण्याजोगी लोकर होतच नाही’ हे वाक्य मी लिहायला नको होतं. सातारा, सांगली, सोलापूर, नगर या पट्ट्यात धनगरांचे दख्खनी मेंढ्यांचे कळप आहेत. वर्षातून दोनदा कातरणी होते. ती लोकर बायकांनी कातायची, सणगर विणकरांनी तिची घोंगडी विणायची, वर चिंचोक्याची खळ द्यायची. अशा घोंगड्याची खोळ करून पावसात शेतावर जाणारे आजोबा मी स्वतः पाहिले आहेत. तरी ते वाक्य माझ्या हातून गेलं, याचं वाईट वाटलं. लेखात ते बदललं आहे.

पण या लोकरीचे मोजे मी विणत नाही, ते विणून पाहिल्यानंतरच. दोन वर्षांपूर्वी माण तालुक्यातल्या एका घोंगडी विणणाऱ्या घरातून मी अर्धा किलो हातकताईचं काळं सूत आणलं. धुतलं तेव्हा बादलीत माती आणि कुसळं उतरली. धागा एकपदरी, पीळ कमी. १३ नंबरच्या, म्हणजे सव्वादोन मिलिमीटरच्या सुईवर घेतला की टाका ओढताना तुटायचा. त्याहून जाड, १० नंबरच्या सुईवर नीट उतरला, पण वीण मोज्यासाठी फारच विरळ झाली. तरीही तळहाताएवढा तुकडा विणून मी दुपारभर घोट्यावर बांधून ठेवला. संध्याकाळी तिथली कातडी लाल झाली होती.

लोकरीचा एकेक तंतू साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असला, की कातडीला टेकल्यावर तो वाकत नाही, टोकाने टोचतो. मेरिनोचा तंतू १८ ते २४ मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणून तो मऊ लागतो. दख्खनी लोकर त्याहून पुष्कळ जाड. अंगावरच्या कपड्यांवरून पांघरायला, खाली अंथरायला ती उत्तम, उघड्या पायाला नाही. उरलेल्या सुताची मी दोन बसकरं विणली. बाबांच्या खुर्चीवर ती रोज वापरात आहेत, आणि दोन वर्षांत त्यांच्यावर एक गुठळी आलेली नाही. हल्ली कित्येक ठिकाणी कातरलेल्या लोकरीला गिऱ्हाईकच नसतं, ती टाकून द्यावी लागते. त्यामुळे तुमच्या म्हणण्याला माझी एवढी जोड आहे : बसकरं, आसनं, पिशव्या विणणाऱ्यांनी हे सूत जरूर आणावं, आणि भावात घासाघीस करू नये. कातायला किती वेळ जातो ते एकदा हातात तकली धरून पाहिलं की कळतं.

नायलॉनबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. माझी पहिली जोडी निव्वळ लोकरीची होती. एका हिवाळ्यात दोन्ही टाचा विरल्या, आणि रफू केलेल्या जागेच्या शेजारी पुन्हा विरल्या. मोज्याची लोकर बहुधा ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन अशी येते, ती घासणीसाठीच. तुम्ही स्वेटर, शाली, कानटोप्या विणल्यात, त्यांना नायलॉन लागत नाही हे खरंच आहे. पण मोज्यावर माणूस उभा राहतो.

आता अर्धवट कामं.

चारपैकी एका स्वेटरला एक बाही नाही. गुंडे संपले, आणि त्याच रंगाचे नवे मिळाले ते रंगवणीच्या दुसऱ्या लॉटचे. उन्हात धरलं की फरक दिसतो. एक ओळ जुन्या गुंड्याची, एक नव्याची असं आलटून-पालटून विणलं तर तो बुजतो, पण त्यासाठी अर्धं अंग उसवावं लागेल. ते मी टाळते आहे, आणि इथे तुमचा बेशिस्तीचा ठपका मला मान्य आहे. भाच्याची कानटोपीही तशीच. ती या महिन्यात उसवून टाकते, त्याचं डोकं आता तिच्यात मावणार नाही.

उरलेली दोन कामं बाबांच्या मोज्यांची आहेत, आणि त्यांना अर्धवट म्हटलेलं मला लागलं. बाबांना मधुमेह आहे. विकतच्या मोज्यांचं इलॅस्टिक त्यांच्या पोटरीवर वळ उठवायचं, म्हणून गेल्या जानेवारीत मी त्यांच्यासाठी मोजा सुयांवर घातला. ६४ टाके, चार सुयांवर सोळा-सोळा, पाचव्या सुईने विणायचं. वर दोन सुलट दोन उलट अशी सैल पट्टी. टाचेला ३२ टाके, त्यातला एकाआड एक न विणता नुसता उचलायचा, म्हणजे तिथली वीण जाड होते. वहीत १५० फेऱ्यांची नोंद आहे, म्हणजे टाच सोडून ९६०० टाके. एक मोजा पुरा झाला. दुसरा घोट्यापर्यंत आला तेव्हा बाबांच्या पायांना सूज यायला लागली. सकाळी मोजलेला पाय संध्याकाळी वेगळा. पहिला मोजा त्यांच्या पायात जाईना.

मग दुसरा मोजा मापाप्रमाणे पुरा करून काय करायचं होतं? जोडी झाली असती, वापरता आली नसती. मी तो सुयांवर तसाच ठेवला आणि ७२ टाक्यांचा नवा घातला. त्यात आणखी एक अडचण निघाली. बाबा घरातही अंगठ्याची चप्पल घालतात, अनवाणी चालायचं नाही असं त्यांना सांगितलेलं आहे. साध्या मोज्यावर ती चप्पल बसत नाही. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस इथे सापडलेले लाल लोकरीचे मोजे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत, इसवी सन २५० ते ४२० या काळातले. ते एकाच सुईने, वेगळ्या पद्धतीने केलेले आहेत, पण त्यांना अंगठा वेगळा आहे, सपाता घालता याव्यात म्हणून. त्यांचा फोटो पाहून मी अंगठा वेगळा विणायला घेतला. तीनदा उसवला. अंगठा आणि बोटं यांच्या बेचक्यात भोक राहतं, आणि ते शिवून बंद केलं तर शिवण टोचते. पायाला संवेदना कमी असलेल्या माणसाच्या मोज्यात टोचणारी शिवण ठेवायची नाही, एवढं मला नक्की माहीत आहे. म्हणून ते काम थांबलं आहे. दर रविवारी मी ते हातात घेते, बाबांच्या पायावर धरून बघते.

काम असं कारणानेही थांबतं, हे नवशिक्या मुलींना मला दाखवायचं होतं, आणि मागच्या लेखात मी नुसते फोटो टाकले, कारणं लिहिली नाहीत. तो दोष माझाच.

तुम्ही शेवटी लिहिलंत, की तुमच्या सासूबाई दोन सुयांवर मोजे विणत आणि शिवण तळव्याखाली न घेता बाजूला, वरच्या अंगाला घेत. सासूबाई ती शिवण सुईने ओढून घेत, की टाक्याला टाका जुळवत? आणि सुरुवात बोटांकडून करत का पट्टीकडून? आठवत असेल तर तेवढं लिहा. बेचक्यातलं भोक त्याच रीतीने, वरच्या बाजूला सरकवून बुजवता येईल असं मला वाटतंय. या रविवारी करून पाहते.